फॉरमॅट मारण्याआधी सेल बदला

घरचा जुना संगणक : लेखांक 6

गेल्या वेळी आपण डब्यात वीज नीट पोचते की नाही ते तपासलं. आज त्यापुढची तक्रार. पंखा फिरतो, दिवा लागतो, स्क्रीनवर पांढरी अक्षरंही उमटतात. विंडोज मात्र येत नाही. असा डबा आळेफाट्याच्या चौकातल्या कुठल्याही दुकानात नेऊन ठेवा, बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळेल : ‘फॉरमॅट मारावं लागेल.’ दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे आधीच चार डबे उघडे पडलेले असतात आणि फॉरमॅटने गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत मोकळं होतं. पण जुन्या मशीनच्या बाबतीत हा उपाय शेवटचा असायला हवा. पहिला संशय घ्यायचा तो मदरबोर्डवरच्या चपट्या गोल सेलवर. आपल्या भागात तर नक्कीच.

सेलवर ‘सीआर 2032’ असं लिहिलेलं असतं. त्यातल्या आकड्यांतच त्याचं माप आहे : व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2 मिलिमीटर. व्होल्टेज 3. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. जुन्या बोर्डांवर डिस्क कोणत्या पद्धतीने जोडली आहे, आधी कुठून सुरुवात करायची, ही टिपणंही तोच जपतो. 1981 च्या पहिल्या आयबीएम पीसीत ही सोय नव्हती. मशीन सुरू केलं की तारीख हाताने टाकायची, आणि आत काय काय जोडलंय ते बोर्डावरचे बारके खटके वरखाली करून सांगायचं. 1984 च्या पीसी-एटीमध्ये सेलवर चालणारी चिप आली. तिची स्मृती अवघी 64 बाइटची, त्यातले 14 बाइट घड्याळाचे. आजच्या फोनमधला एक फोटो याच्या हजारो पट जागा खातो, पण मशीन उठायचं की नाही हे त्या चिमूटभर जागेवर ठरत होतं.

आता आपल्या भागाचं वेगळेपण. भिंतीवरचं बटन चालू असेल, तर मशीन बंद असतानाही एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारी पेटी, बोर्डाला 5 व्होल्टचा बारीक प्रवाह देत राहतो. तेवढा वेळ सेल आराम करतो. वीज गेली किंवा बटन बंद केलं, की सगळा भार सेलवर. शहरातल्या फ्लॅटमध्ये बटन महिनोन् महिने चालूच असतं. इकडे मळ्यातल्या वस्तीवर लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. वळवाच्या दिवसांत गडगडलं की घरातली म्हातारी माणसं पिनच उपसून ठेवतात, आणि ते बरोबरच करतात. पोरगं चाकणला कामाला लागलं की त्याच्या एमएस-सीआयटीच्या वेळी घेतलेला संगणक जुन्या साडीखाली झाकून पडतो, तोही पिन काढून. मग सेल लवकर संपला तर नवल नाही.

संपत आलेला सेल आधी इशारे देतो. तारीख मागे जाते, एकदम 2009 किंवा 2002 दिसायला लागतं. महाभूलेखवर सातबारा काढायला जावं, तर ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडून बसतो, कारण त्याच्या हिशेबाने साइटचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात. पुढे दर वेळी काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ आणि एफ1 दाबायची सूचना येऊ लागते. लोक एफ1 दाबतात आणि वर्षभर दाबत राहतात.

आणि मग एक दिवस खरा घोळ होतो. टिपणं पुसली गेली की बोर्ड आपल्या कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जातो. विंडोज टाकताना डिस्क ‘एएचसीआय’ पद्धतीने जोडलेली होती आणि बोर्डाचं मूळ सेटिंग ‘आयडीई’ असलं, तर विंडोजचं चिन्ह क्षणभर चमकतं आणि लगेच निळा पडदा येतो. जुन्या विंडोजमध्ये त्या गिचमिडीत 7बी हा आकडा असतो, दहामध्ये ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी ओळ. हे पाहून कुणालाही वाटेल की विंडोज उडालं. पण डिस्कवरचा एक बाइटही हललेला नसू शकतो. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगच्या पानांवर, जाऊन (बहुतेक बोर्डांवर डिलीट किंवा एफ2) ‘साटा मोड’ पूर्वीसारखा केला, की मशीन काही झालंच नव्हतं अशा थाटात उठतं. पूर्वी काय होतं ते आठवत नसेल, तर दुसरा पर्याय करून बघा. ‘रेड’ लिहिलेल्या पर्यायाला मात्र हात लावू नका.

साधारण 2012 नंतरच्या बोर्डांवर असाच गोंधळ ‘लेगसी’ आणि ‘यूईएफआय’ या सुरू होण्याच्या दोन पद्धतींत होतो. तिथे निळा पडदा येत नाही, ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढंच येतं. कधी कधी कारण त्याहून क्षुल्लक निघतं : क्रम बदलून यूएसबी पहिली झालेली, आणि मागच्या बाजूला काकड्याच्या भजनांची पेनड्राइव्ह कुणीतरी लावून विसरलेलं.

सेल घड्याळवाल्याकडे, मोबाइलच्या दुकानात, कुठेही मिळतो. दोघांच्या चहा-वडापावापेक्षा महाग नाही. पिन काढा, पॉवरचं बटन काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज उतरवा, डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच आत जा. बाजूची पट्टी नखाने ढकलली की सेल वर उडतो. नवा बसवताना अधिक चिन्ह वर. मल्टिमीटर असेल तर जुना मोजून बघा, 2.7 च्या खाली असेल तर विषयच संपला. मग तारीख लावा, साटा मोड आणि बूटचा क्रम बघा, आणि बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हे मात्र विसरू नका, पुढच्या वेळी तेच कामाला येतील.

डबा उघडलाच आहे तर आत नजर टाका. उपबाजाराच्या आसपास बसणाऱ्या मशीनच्या पंख्यात कांद्याचे पापुद्रे अडकलेले असू शकतात. एसएमपीएसमध्ये वाळलेली पालही असू शकते, ती मात्र स्वतः काढायला जाऊ नका. त्या पेटीत पिन काढल्यावरही जीवघेणी वीज साठून राहते. पौषातल्या थंडीत सकाळी उठत नाही आणि दुपारी उठतं, असं मशीन असेल तर कपॅसिटर म्हातारे झालेत, सेलचा दोष नाही. सुरू होताना थांबून थांबून लांब शिट्ट्या येत असतील तर बहुधा रॅम. ती काढून खोडरबराने पुसा. ज्ञानेश्वरांनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी आपल्या आळ्यातच आहे, तेव्हा डबा बोलतो याचं आपल्याला अप्रूप नको.

एवढं करूनही विंडोज आलं नाही, तर खुशाल दुकानात न्या. पण दारातच सांगा : ‘आधी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा, डेटा उतरवून घ्या, मग काय मारायचं ते मारा.’ श्रीलिपीत केलेल्या पत्रिका, टॅलीतला हिशेब, वारलेल्या माणसांचे फोटो, सगळं त्याच डिस्कवर असतं. डेटा उतरवायचे वेगळे पैसे मागितले तर द्या. डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र मशीन पुन्हा सुरूच करू नका. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.