कुमुदिनी लाखिया : एकल कथकला समूहाचे परिमाण देणारी कारकीर्द

कथकच्या ज्येष्ठ नर्तकी, नृत्यरचनाकार आणि गुरू कुमुदिनी लाखिया यांना २०२५ मध्ये पद्मविभूषण जाहीर झाला. त्याच वर्षी १२ एप्रिल रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे अहमदाबाद येथे निधन झाले. कथकचे व्याकरण न मोडता त्याचा आशय बदलणाऱ्या कलावंत म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

नर्तकी म्हणून घडण

१९३० मध्ये जन्मलेल्या लाखिया यांनी बालवयातच कथकचे शिक्षण सुरू केले. तरुणपणी राम गोपाल यांच्या नृत्यपथकातून त्यांनी परदेश दौरे केले. समूहातील शिस्त आणि रंगमंचाची जाण त्यांना तेथे लाभली. पुढे दिल्लीत शंभू महाराज यांच्याकडे त्यांनी लखनौ घराण्याची तालीम घेतली. साठच्या दशकात अहमदाबादमध्ये त्यांनी ‘कदंब’ ही संस्था स्थापन केली. त्यानंतर अध्यापन आणि नृत्यरचना हेच त्यांचे मुख्य कार्य झाले.

नेमका बदल कोणता?

कथक परंपरेने एकल नृत्य आहे. नर्तक बोलांची पढंत करतो, तबल्याशी संवाद साधतो आणि समेवर येऊन दाद घेतो. समूहनृत्ये होत असत; परंतु त्यांचा आधार बहुधा एखादे कथानक असे. लाखिया यांनी तत्कार, चक्कर आणि तिहाई यांनाच रचनेचा विषय केले. एकच लय अनेक नर्तकांत विभागणे, त्यांच्या दिशा आणि अंतरे बदलणे, मध्येच स्थिरता आणणे, यांतून रंगमंचाचा अवकाश बोलू लागला. ‘धबकार’ ही रचना त्याचे ठळक उदाहरण होय.

आशयाबाबतही त्यांनी राधा-कृष्णाच्या कथांपलीकडे पाहिले. ‘दुविधा’ या १९७१ मधील रचनेत परंपरा आणि स्वातंत्र्य यांच्या ओढाताणीत सापडलेली स्त्री आहे. वेशभूषेतही त्यांनी साधेपणा आणला. ओढणीचा आग्रह सोडला. हा परंपरेचा भंग असल्याची टीका त्यांच्यावर झाली. त्यांनी मात्र पायाचे काम आणि लयीची शुद्धता यांत कधीही तडजोड केली नाही.

‘उमराव जान’ (१९८१) या चित्रपटाच्या नृत्यदिग्दर्शनातही गोपीकृष्ण यांच्यासह त्यांचा सहभाग होता. १९८७ मध्ये पद्मश्री आणि २०१० मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले.

गुरू म्हणून वारसा

गुरूचे हुबेहूब अनुकरण म्हणजे शिक्षण नव्हे, ही त्यांच्या अध्यापनाची दिशा होती. अदिती मंगलदास आणि दक्षा शेठ या त्यांच्या शिष्या समकालीन नृत्याकडे आपापल्या वाटेने गेल्या. मौलिक शहा आणि ईशिरा परीख यांनी अहमदाबादमध्येच कथकची परंपरा पुढे नेली. एकाच गुरूच्या शिष्यांत दिसणारी ही विविधता लाखिया यांच्या कार्याचे महत्त्व स्पष्ट करते : नर्तकाची कला त्याच्या देहाबरोबर थांबते, रचना आणि शिष्य तिला पुढे नेतात.