काट्यावर न दिसणारा हलकेपणा

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचे यश बहुधा एका आकड्यात सांगितले जाते. आधी १३० किलो, दीड वर्षाने ८५ किलो आणि शेजारी शेजारी छापलेली दोन छायाचित्रे. पाहणाऱ्याला एवढे पुरते. ज्याच्या शरीरावर ही शस्त्रक्रिया झालेली असते, त्याचा हिशेब मात्र निराळा असतो. बुटाची नाडी स्वतःच्या हाताने बांधता आली, पायाच्या नखांपर्यंत हात पोहोचला, देवघरासमोर मांडी घालून बसता आले आणि उठताना कुणाचा आधार घ्यावा लागला नाही, अशा नोंदी त्याच्या लेखी मोठ्या असतात. इतरांना सांगताना संकोच वाटावा इतक्या त्या साध्या आहेत. तरीही त्यांचे मोल किलोंपेक्षा कमी नाही. किंबहुना, पुढे जन्मभर पथ्य सांभाळण्याचे बळ बऱ्याचदा त्यांतूनच मिळते.

शस्त्रक्रिया नेमके काय करते?

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपासचा पाया घातला. आज ही शस्त्रक्रिया बहुतांशी दुर्बिणीतून, लहान छिद्रांद्वारे होते आणि तिचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः या काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. बायपासमध्ये जठराचा छोटासा कप्पा करून तो लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडला जातो.

दोन-चार किलो उतरवण्याचा हा सोपा मार्ग नव्हे. २०२२ मध्ये या क्षेत्रातील दोन प्रमुख आंतरराष्ट्रीय संघटनांनी प्रसिद्ध केलेल्या सूचनांनुसार, ज्यांचा बीएमआय म्हणजे उंचीच्या तुलनेतील वजनाचा निर्देशांक ३५ किंवा त्याहून अधिक आहे, त्यांना ही शस्त्रक्रिया सुचवली जाते. आशियाई लोकांना कमी वजनातही मधुमेह आणि हृदयविकार गाठतात. म्हणून त्यांच्यासाठी ही मर्यादा २७.५ इतकी खाली धरली आहे. अर्थात निर्णय रुग्णाच्या आजारांचा आणि मानसिक तयारीचा विचार करूनच घ्यायचा असतो.

चौथी सीट

मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकण्याची रीत आहे. तिघे थोडे सरकतात आणि चौथा अर्धा का होईना, बसतो. अतिस्थूल माणूस ही जागा कधी मागत नाही. मागितली तर कोणत्या नजरा झेलाव्या लागतील, हे त्याला ठाऊक असते. शस्त्रक्रियेनंतर आठ-दहा महिन्यांनी कुणी तरी न सांगता सरकून त्याला चौथी सीट देतो, तेव्हा तो दिवस त्याच्या स्मरणात राहतो.

लठ्ठपणाचा खरा जाच अशा लहान गोष्टींत दडलेला असतो. घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी मनातल्या मनात एक पाहणी करावी लागते. मांडवातली प्लास्टिकची खुर्ची वजन पेलेल का? नाट्यगृहातील खुर्चीच्या दोन हातांमध्ये मावता येईल का? एसटीत शेजारी कुणी बसेल की बसण्याचे टाळेल? विमानात पट्टा पुरला नाही, तर जादा पट्टा सर्वांदेखत मागावा लागेल का? ही पाहणी हळूहळू गळून पडते. खुर्ची न तपासता बसल्याचे माणसाच्या नंतर ध्यानात येते आणि त्याला स्वतःचेच नवल वाटते.

स्त्रियांच्या बाबतीत अशा खुणा आणखी निराळ्या असतात. कासाराकडे बांगडीचे माप दोन-दहावरून दोन-सहावर येते. बोटात रुतून बसलेली लग्नातली अंगठी सैल होते. तयार कपड्यांच्या दुकानात 'तुमच्या मापाचे नाही' हे वाक्य ऐकू येत नाही. अनियमित झालेली मासिक पाळी अनेकींच्या बाबतीत पूर्ववत होते आणि वर्षानुवर्षे लांबलेल्या मातृत्वाची आशा पुन्हा दिसू लागते. मात्र वजन वेगाने उतरत असताना गर्भाचे पोषण धोक्यात येऊ शकते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला डॉक्टर देतात.

आनंदामागचे शरीरशास्त्र

या सुखांना शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे. गुडघ्यांचेच उदाहरण घेता येईल. शरीराचे वजन एक किलोने घटले, की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. दहा किलो उतरल्यावरच जिना सोपा का वाटू लागतो, याचे उत्तर या गणितात आहे. पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या एका दमात चढणे ज्याला अशक्य होते, तो वर पोहोचून श्वास घ्यायला टेकत नाही, याचेही कारण तेच.

झोपेचेही तसेच आहे. मान आणि घशाभोवती साठलेल्या चरबीने झोपेत श्वासमार्ग दबतो, घोरणे वाढते आणि श्वास मधूनमधून अडतो. चरबी घटली, की हा मार्ग मोकळा होऊ लागतो. सकाळी डोके जड नसणे, दुपारी कार्यालयात डुलकी न लागणे आणि शेजारी झोपणाऱ्यालाही शांत झोप लाभणे, ही त्याचीच फळे.

मधुमेहाच्या बाबतीत तर वजन फारसे उतरण्याआधीच, काही दिवसांत रक्तातील साखर खाली येऊ लागते. अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. वॉल्टर पोरीझ यांनी १९९५ मध्ये ही गोष्ट ठळकपणे मांडली, तेव्हा वैद्यकविश्वात आश्चर्य व्यक्त झाले. अन्नाचा मार्ग बदलल्यामुळे आतड्यातील संप्रेरकांचा स्रावही बदलतो, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण. इन्सुलिनची सुई बंद होण्याचा दिवस अनेक घरांत सणासारखा साजरा होतो. हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. शिवाय आजार पुन्हा डोके वर काढू शकतो, म्हणून तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात.

डॉक्टरांनीही बदलले माप

केवळ किलोंवर यश मोजणे अपुरे आहे, हे वैद्यकशास्त्रानेही मान्य केले. १९९८ मध्ये ओरिया आणि मूरहेड या तज्ज्ञांनी 'बॅरोस' ही गुणांकनपद्धती सुचवली. तिच्यात घटलेल्या वजनाबरोबरच सोबतच्या आजारांतील सुधारणा आणि जीवनमानाचा दर्जा यांनाही स्थान मिळाले. त्याच सुमारास रूढ झालेल्या ३१ प्रश्नांच्या दुसऱ्या एका प्रश्नावलीत हालचाल, आत्मसन्मान, लैंगिक जीवन, चारचौघांत वावरताना होणारा त्रास आणि काम अशा पाच अंगांनी रुग्णाला बोलते केले जाते. खुर्चीत मावण्याची चिंता आणि लोकांच्या नजरा यांचीही अशा रीतीने शास्त्राने दखल घेतली.

याची गरज का आहे, ते स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासातून स्पष्ट होते. चार हजारांहून अधिक लोकांच्या या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. परंतु २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जीवनमानविषयक निष्कर्षांनी एक वेगळी गोष्ट दाखवली. समाधानाचा आलेख पहिल्या वर्षी सर्वांत उंच गेला, पुढील पाच वर्षांत काहीसे वजन परत येताना तो हळूहळू उतरला आणि सहाव्या ते दहाव्या वर्षात स्थिरावला. तोही आधीच्या स्थितीपेक्षा वरच राहिला.

नेमक्या याच टप्प्यावर अनेकांचा धीर सुटतो. साधारण दीड ते दोन वर्षांत वजन उतरणे थांबते. त्यानंतर दोन-चार किलो वाढणे हा शरीराचा स्वाभाविक प्रतिसाद असतो. मात्र ज्याने आपला सारा आनंद काट्याशी बांधलेला असतो, त्याला ते अपयश वाटते. लाजेपोटी तो डॉक्टरांकडे जाणे टाळतो, गोळ्या बंद करतो आणि मग खरोखरीचे नुकसान सुरू होते. आपण आजही न थांबता तीन मजले चढतो, याची आठवण ज्याच्याजवळ जागी असते, तो वाढलेल्या दोन किलोंनी खचत नाही. वेळीच सल्ला घेतला तर आहारात बदल करता येतो, औषधांचाही आधार घेता येतो.

पंगत आणि आग्रह

महाराष्ट्रात प्रेम ताटात वाढले जाते. 'अजून एक घ्याच' हा आग्रह नाकारणे म्हणजे यजमानाचा अवमान, अशी समजूत आहे. शस्त्रक्रियेनंतर मात्र चार घास जास्त झाले तर उलटी होऊ शकते. बायपासनंतर गोड पदार्थ भरभर खाल्ले तर छातीत धडधड, घाम आणि चक्कर असा त्रास होतो. पुरणपोळीच्या चतकोर तुकड्यावर तृप्त होणे हा म्हणूनच एक मैलाचा दगड ठरतो. सावकाश चावून खाल्ल्याने तिची चव पूर्वीपेक्षा अधिक कळते, असे अनेकांना जाणवते. अशा वेळी घरच्यांनी आग्रह आवरणे हाच खरा पाहुणचार.

कमी खाण्याइतकेच योग्य खाणे महत्त्वाचे. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम आणि वाटीभर शिजवलेल्या वरणातूनही जवळपास तेवढीच मिळतात. म्हणजे शाकाहारी घरात उसळी, पनीर, दही आणि सोयाबीन यांची आखणी केल्याशिवाय हा हिशेब जमत नाही. जीवनसत्त्व ब-१२, ड, लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आयुष्यभर घ्याव्या लागतात. त्या चुकल्या तर रक्तक्षय, हाडांचा ठिसूळपणा आणि मज्जातंतूंचे विकार मागे लागतात.

सुखाला लागून असलेली सावली

सारेच आनंदाचे नसते. तीन ते सहा महिन्यांच्या काळात केस गळतात. बहुतेकांचे ते पुन्हा येतात. दंड आणि पोटाची त्वचा सैल लोंबते. आरशात वेगळा माणूस दिसत असला, तरी मनातली जुनी प्रतिमा लवकर पुसली जात नाही. दारातून आत शिरताना शरीर सवयीने तिरके होते. परके लोक अचानक सौजन्याने वागू लागतात. त्यातून आधीच्या उपेक्षेची सल नव्याने जागी होते.

नात्यांचीही फेरमांडणी होते. स्वीडनमधील २०१८ च्या एका अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर एकट्या व्यक्तींची लग्ने होण्याचे किंवा नवी नाती जुळण्याचे प्रमाण अधिक दिसले, तसेच आधीपासून एकत्र असलेल्यांमध्ये विभक्त होण्याचे प्रमाणही अधिक दिसले. बायपासनंतर मद्य रक्तात वेगाने भिनते आणि त्याच्या आहारी जाण्याचा धोका वाढतो. काहींना नैराश्य घेरते आणि जीव नकोसा वाटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. अशा वेळी समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे विनाविलंब जायला हवे. वजन उतरल्यावर दुःख वाटणे हा कृतघ्नपणा नव्हे, हे रुग्णाने आणि कुटुंबीयांनीही समजून घेतले पाहिजे.

यावर एक साधा उपाय हाताशी आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच एका वहीत, आज काय करता येत नाही त्याची यादी करावी: उकिडवे बसणे, बाजारातून पिशवी घेऊन चालत येणे, मुलाला पाठुंगळी घेणे, समूहछायाचित्रात पुढच्या रांगेत उभे राहणे. जे जमेल त्याच्यापुढे तारीख घालावी. त्याच वहीच्या मागच्या पानांवर रक्ततपासणीच्या तारखा आणि गोळ्यांची नोंद असावी. वजन पाहायचे तर आठवड्यातून एकदा पुरे. वर्षाच्या तपासणीला जाताना ही वही सोबत न्यावी. डॉक्टरांना तिच्यातून काट्याने न सांगितलेले पुष्कळ कळते.