क्षयाचा शोध घरोघरी

क्षयरोग हा मनुष्यजातीचा फार जुना वैरी होय. आपल्या प्राचीन वैद्यकग्रंथांत 'राजयक्ष्मा' या नावाने त्याचे वर्णन आढळते. हा रोग सूक्ष्म जंतूंमुळे होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली सिद्ध केले. परंतु त्या जंतूंवर गुणकारी औषध सापडण्यास पुढे सुमारे साठ वर्षे लागली. तोपर्यंत स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस अन्न यांवरच सारी भिस्त असे. म्हणून सातारा जिल्ह्यात पाचगणीच्या डोंगरावर आणि सांगली जिल्ह्यात मिरजेजवळ वानलेसवाडी येथे आरोग्यधामे उभी राहिली. घरदार सोडून रोगी तेथे महिनोन्‌महिने राहत.

१९५६ साली मद्रास येथे एक महत्त्वाचा प्रयोग सुरू झाला. नेमाने औषध घेणारा रोगी गरिबाच्या घरातही आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो, असे त्यात दिसून आले. तेव्हापासून प्रश्न उरला तो रोगी वेळीच ओळखण्याचा.

रोगी खोकला म्हणजे जंतू हवेत मिसळतात व कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. शहरातील दाट वस्तीत एकेका खोलीत पाच-सहा माणसे नांदतात. तेथे एकाचा खोकला साऱ्या घराला घातक ठरतो. तरीही मजुरी बुडेल, शेजारी दुरावतील, या भीतीने कित्येक जण आजार लपवतात.

अशा घरांच्या दारी आशा सेविका जातात. २००५ साली खेड्यांसाठी आरंभलेली ही योजना २०१३ नंतर शहरांतही आली. सातारा, सांगली, मिरज येथील गल्लीबोळांत 'आशाताई' परिचयाच्या झाल्या आहेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे काय, सायंकाळी ताप येतो काय, वजन घटले काय, असे त्या आपुलकीने विचारतात. संशय आल्यास थुंकीची व छातीची तपासणी करवितात. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.

उपचार बहुधा सहा महिने चालतात. दोन महिन्यांत बरे वाटू लागले, की रोगी औषध टाकू पाहतो. मग उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून सेविका पुन्हा पुन्हा येते आणि घरातील मुलांचीही तपासणी करविते.

योग्य औषध सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत रोगाचा फैलाव पुष्कळ कमी होतो. तेव्हा सेविकेच्या प्रश्नाला खरे उत्तर देणारा मनुष्य स्वतःबरोबर आपल्या मुलाबाळांचेही रक्षण करतो.