कॅमेऱ्याचा सेन्सर साफ करायचाय? आधी तोंडाने फुंकर मारणं थांबवा!

आजचा विषय फोनचा नाही, पण फोनवरून पुढे जाऊन पहिला डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे. आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या मूर्खपणापासून करतो.

आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. कोकणातल्या घरी सगळं गोत जमलं होतं. मी पहिल्या दोन पगारांतून एक सेकंड हॅन्ड डीएसएलआर घेतला होता, त्यामुळे फोटोंची जबाबदारी आपोआप माझ्यावर आली. आदल्या रात्री लेन्स काढली, तर आत सेन्सरवर एक बारीक तंतू दिसला. मी काय केलं? चष्मा पुसण्याआधी मारतो तशी एक फुंकर मारली. तंतू उडाला. मी खूश!

दुसऱ्या दिवशी घरातल्या विधींचे फोटो एकदम स्वच्छ आले. दुपारी अंगणात चाळीस माणसांना तीन रांगांत बसवलं, मध्ये आजी. सगळे शार्प यावेत म्हणून ॲपर्चर एफ/११ ठेवलं, ट्रायपॉड लावला, टायमर लावून मीही पळत जाऊन उभा राहिलो. बारा फोटो काढले. पुण्यात येऊन लॅपटॉपवर उघडले, तर बाराही फोटोंत त्याच जागी करडे डाग. आकाशात पाच-सहा, आणि एक बरोबर आजीच्या गालावर. ती माझी थुंकी होती.

आकाशातले डाग दोन मिनिटांत काढले. गालावरचा डाग काढायला मात्र सॉफ्टवेअरला शेजारची त्वचा उचलून तिथे चिकटवावी लागली, आणि त्यात आजीच्या सुरकुत्या गेल्या. तो फोटो आज घरी भिंतीवर आहे. कोणाला काही कळत नाही. मला कळतं. माझ्यासारखं तुमचं होऊ नये म्हणून हा लेख.

फोनमध्ये हा प्रॉब्लेम का येत नाही?

फोनमध्ये लेन्स आणि सेन्सर एकाच बंद मॉड्यूलमध्ये असतात. लेन्स काढताच येत नाही, त्यामुळे धूळ सहसा आत जात नाही. तुम्ही पुसता ती फक्त बाहेरची काच. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात मात्र प्रत्येक वेळी लेन्स काढली की सेन्सरच्या खोलीचं दार उघडतं.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. आपण ज्याला 'सेन्सर साफ करणं' म्हणतो, त्यात खऱ्या सेन्सरला हात लागतच नाही. सेन्सरच्या पुढे फिल्टरच्या काचांचा एक थर असतो. धूळ त्या काचेवर बसते आणि आपण तीच काच पुसतो. पण म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या काचेवर नाजूक कोटिंग असतं, आणि त्यावर चरा पडला तर काच बदलण्याचा खर्च जुन्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या आसपास जाऊ शकतो.

डाग कधी दिसतो, कधी नाही. असं का?

घरातले फोटो स्वच्छ आणि अंगणातले खराब, याचं उत्तर ॲपर्चरमध्ये आहे. घरी करून बघा. ट्यूबलाइटखाली टेबलापासून थोडं वर पेन धरा. सावली अगदी पुसट पडते, कारण लांबलचक ट्यूबमधून प्रकाश अनेक बाजूंनी येतो. आता खोलीत अंधार करून फोनचा टॉर्च लावा. त्याच पेनाची सावली ठसठशीत दिसते.

सेन्सरसाठी लेन्सचं ॲपर्चर म्हणजे हाच दिवा. एफ/१.८ ला तो मोठा असतो, म्हणून काचेवरच्या कणाची सावली पसरून नाहीशी होते. एफ/११, एफ/१६ ला तो छोटा होतो आणि सावली गडद होते. घरात मी एफ/१.८ वर फोटो काढत होतो. डाग तेव्हाही होतेच, फक्त दिसत नव्हते.

आणि आकाराचा हिशोब बघा. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद असतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तेवढ्या रुंदीत ६००० पिक्सेल बसतात, म्हणजे एक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा. ७० मायक्रॉन जाडीचा एक केस जवळपास १८ पिक्सेल झाकतो. थुंकीचा ०.३ मिमीचा वाळलेला थेंब २४ इंच रुंद प्रिंटवर ८ मिमीचा होतो. आजीच्या गालावर तेच झालं.

आधी टेस्ट करा, मग हात लावा

सेन्सर उगाच साफ करायचा नसतो. आधी खरंच धूळ आहे का ते बघा:

१. कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटी मोडवर ठेवा. आयएसओ १००, ॲपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२.
२. ऑटोफोकस बंद करा. पांढऱ्या भिंतीच्या जवळ जा आणि फोकस हाताने इन्फिनिटीवर न्या, म्हणजे भिंत पूर्ण धूसर होईल.
३. फोटो काढताना कॅमेरा थोडा हलवा. भिंतीवरचे डाग पुसले जातात, सेन्सरवरचे मात्र तिथेच राहतात.
४. फोटो फोनवर घ्या आणि स्नॅपसीडमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून झूम करून बघा.

मऊ कडांचे करडे ठिपके किंवा तंतू दिसले तर ती धूळ. लाल, निळे, हिरवे, टोकदार ठिपके दिसले, विशेषतः रात्रीच्या लाँग एक्स्पोजरमध्ये, तर ते हॉट पिक्सेल. ते पुसून जात नाहीत. काही कॅमेऱ्यांत त्यासाठी 'पिक्सेल मॅपिंग' नावाचा पर्याय असतो.

आता डाग नेमका कुठे शोधायचा? लेन्स सेन्सरवर उलटी प्रतिमा पाडते. तुम्ही समोरून कॅमेऱ्याच्या आत बघता तेव्हा वर-खाली उलटं होतं, पण डावं-उजवं तसंच राहतं. म्हणजे फोटोत वर डावीकडे दिसणारा डाग सेन्सरवर खाली डावीकडे सापडेल.

आणि टेस्टमध्ये एफ/२२ ला दोन-तीन फिकट ठिपके दिसले, पण तुम्ही कायम एफ/८ च्या खालीच फोटो काढत असाल, तर सोडून द्या. शंभर टक्के स्वच्छ सेन्सर नावाची गोष्ट नसते.

पायरी १: कॅमेऱ्यालाच करू द्या

ऑलिम्पसने २००३ मध्ये आपल्या ई-१ कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काच अल्ट्रासॉनिक वेगाने थरथरवून धूळ झटकण्याची सोय आणली. आज बहुतेक कॅमेऱ्यांत अशी काहीतरी सोय असते. मेनूमध्ये 'सेन्सर क्लीनिंग' शोधा आणि चार-पाच वेळा चालवा. सुटी धूळ बऱ्याचदा यातच पडते.

पायरी २: रबरी ब्लोअर

हा काही शे रुपयांचा रबरी फुगा प्रत्येक कॅमेऱ्यासोबत असायलाच हवा. वापरायची पद्धत अशी:

१. बॅटरी पूर्ण चार्ज करा. पंखा आणि एसी बंद करा.
२. लेन्स काढून मेनूतला मॅन्युअल क्लीनिंग मोड सुरू करा. नाव कंपनीनुसार बदलतं: कॅननमध्ये 'क्लीन मॅन्युअली', निकॉनच्या डीएसएलआरमध्ये 'लॉक मिरर अप फॉर क्लीनिंग'. यात आरसा वर जातो आणि शटर उघडं राहतं.
३. ब्लोअर आधी दोन-तीनदा बाहेरच दाबा, म्हणजे त्याच्यातलीच धूळ निघून जाईल.
४. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करा, खालून हवा मारा. नळीचं टोक कॅमेऱ्याच्या आत घालू नका. आठ-दहा फटके पुरे.
५. कॅमेरा बंद करा, लेन्स लावा, पुन्हा टेस्ट फोटो काढा.

काही जण क्लीनिंग मोडऐवजी बल्ब मोडमध्ये शटरचं बटण दाबून धरतात. हे करू नका. बोट सुटलं की शटर धाडकन बंद होतं, आणि तेव्हा आत काही असेल तर शटरच्या पात्या गेल्याच. बॅटरी पूर्ण चार्ज करायची ती याच कारणासाठी.

पायरी ३: ओला स्वॅब, अगदी शेवटी

वाळलेली थुंकी, फुलांचे चिकट परागकण, शटरचं वंगण, हे डाग हवेने जात नाहीत. मग स्वॅब लागतो. स्वॅब सेन्सरच्या मापाचाच घ्यायचा: एपीएस-सीसाठी साधारण १६ मिमी, फुल फ्रेमसाठी २४ मिमी. सीलबंद पाकिटातला घ्या, आणि द्रव सेन्सरसाठी बनवलेलाच वापरा. असे काही द्रव मिथेनॉलचे असतात. ते विषारी आणि ज्वालाग्राही असतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास देवाचा दिवासुद्धा नको.

१. आधी पायरी २ पूर्ण करा. ही सक्तीची आहे. काचेवर रेतीचा कण असेल तर ओला स्वॅब तोच कण काचेवर घासत नेईल.
२. स्वॅबच्या कडेवर दोन थेंब टाका आणि काही सेकंद मुरू द्या. स्वॅब ओलसर हवा, निथळता नको.
३. एका टोकाला टेकवा आणि हलक्या हाताने, न थांबता दुसऱ्या टोकापर्यंत न्या. कागदावर पेन चालवताना देतो त्याहून जास्त दाब नको.
४. स्वॅब उलटा करून दुसऱ्या बाजूने परतीचा एक हात फिरवा. झालं. तो स्वॅब आता कचऱ्यात.

पैसे वाचवायला तोच स्वॅब पुन्हा वापरू नका. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत हात स्थिर ठेवणाऱ्या स्टॅबिलायझेशनसाठी सेन्सर हलत्या चौकटीवर बसवलेला असतो. तिथे तर दाब आणखी हलका ठेवा. दोन-तीन स्वॅबनंतरही डाग तसाच असेल तर थांबा आणि सर्व्हिस सेंटरला जा. मी तेच केलं. कॅमेरा घेतल्यावर समोरच्या माणसाने फक्त एवढंच विचारलं, "फुंकर मारली होती का?"

हे कधीच वापरू नका

- तोंडाची फुंकर. कारण तुम्हाला माहीत आहे.
- कॉम्प्युटर साफ करायचा कॉम्प्रेस्ड एअरचा डबा. त्यातला द्रव कधीकधी फवाऱ्यासारखा बाहेर येतो आणि काचेवर डाग पाडतो.
- चष्म्याचं फडकं, टिश्यू पेपर, कानातला कापूस. यातून तंतू सुटतात आणि आत अडकलेले कण चरे पाडतात.
- ब्रश लावलेला ब्लोअर. ब्रशच्या केसांनी काचेवर ओरखडे येतात.
- घरातलं सॅनिटायझर, कोलिन, लेन्स पुसायचा द्रव.

चूक नेहमी आपलीच असते का?

नाही. २०१२ मध्ये आलेल्या निकॉन डी६०० च्या सेन्सरवर धूळ आणि तेलासारखे डाग पडत असल्याच्या तक्रारी खूप आल्या. पुढच्या वर्षी डी६१० आला, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये निकॉनने वॉरंटी संपलेल्या डी६०० चंही शटर मोफत बदलून द्यायची तयारी दाखवली. म्हणून साफ केल्यावर लगेच नवे डाग येत असतील, तर घासत बसू नका. कॅमेरा तपासून घ्या. सेकंड हॅन्ड घेताना तर एफ/१६ चा टेस्ट फोटो दुकानातच काढा. मी काढला नव्हता.

धूळ आत जाऊच नये म्हणून

- लेन्स बदलताना कॅमेरा बंद, तोंड खाली, वाऱ्याकडे पाठ. दुसरी लेन्स मागचं झाकण सैल करून आधीच हाताशी ठेवा.
- लेन्सचं मागचं झाकण आणि बॉडी कॅप साफ ठेवा. बरीच धूळ तिथूनच आत पडते.
- वारीत, जत्रेत, समुद्राच्या वाळूत शक्यतो लेन्स बदलूच नका. एकच झूम लेन्स लावून जा.
- पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत कोंडून महिनोन्महिने ठेवू नका. दमट हवेत लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि अधूनमधून कॅमेरा वापरा.
- मिरवणुकीतल्या लेझरच्या झोतापुढे कॅमेरा धरू नका, फोनसुद्धा नाही. लेझरने जळलेले पिक्सेल कुठल्याही स्वॅबने परत येत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे महत्त्वाच्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री सेन्सरला हात लावू नका. आठवडाभर आधी टेस्ट करा, गरज असेल तर साफ करा, पुन्हा टेस्ट करा. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही शुक्रवारी संध्याकाळी नवा कोड लाइव्ह करत नाही, त्यातलाच हा प्रकार. मी कामावर हा नियम पाळायचो, घरी विसरलो.

पुढच्या वेळी गावी गेलो तेव्हा आजीला अंगणात खुर्चीवर बसवून एकटीचा फोटो काढला. आदल्या आठवड्यात टेस्ट करून, एफ/११ वर. या फोटोत तिच्या सगळ्या सुरकुत्या जागच्या जागी आहेत.