पाकिटातले खारघर

मुंबईची चित्रकार्डे शंभर वर्षांहून अधिक काळ जगभर फिरत आहेत. राजाबाई टॉवर, बोरीबंदरचे स्टेशन, मलबार हिलवरून दिसणारी चौपाटी हे सगळे परदेशातल्या कपाटांतही सापडते. नवी मुंबईतल्या खारघरचे कार्ड मात्र इथल्याच स्टेशनरीच्या दुकानात मागितले तर सहज हाती येत नाही. मिळतात ती गुलाबांची आणि सोनेरी अक्षरांची छापील शुभेच्छापत्रे, नागपुरात किंवा नाशकात मिळतात तशीच. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० सालची. तेव्हापासून या नव्या शहराचे आराखडे निघाले, इमारतींच्या जाहिराती निघाल्या. पण "आम्ही इथे राहतो" असे सांगत गावच्या आजीच्या हातात ठेवावे असे चित्र कोणी काढले? स्वतः फोटो काढून, स्वतः कार्डावर बसवून, स्वतः विकणारा कलाकार नेमके हेच काम करू शकतो. म्हणून मी या कामाला फावल्या वेळचा छंद मानत नाही. नव्या गावाला त्याचा चेहरा देण्याचे हे काम आहे.

फोटो जाड कागदावर बसवून देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये छायाचित्रकार दिस्देरीने 'कार्त द व्हिझित' या छोट्या फोटोकार्डाचे पेटंट घेतले. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या पातळ कागदावरची छबी वाळताना गुंडाळी होई, म्हणून ती सुमारे अडीच बाय चार इंचांच्या पुठ्ठ्यावर चिकटवत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफी शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण मुंबईत अशी कार्डे करून विकत. व्यवसाय म्हणून फोटोग्राफी करणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते. पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ मध्ये आले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जे. स्कूलच्या एम. व्ही. धुरंधरांनी मुंबईतली माणसे रंगवली आणि ती चित्रे पोस्टकार्डांवरून घरोघरी गेली. धुरंधरांनी इमारतींपेक्षा माणसांकडे जास्त पाहिले, हे इथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

मराठी घरांत शुभेच्छापत्राचा खरा सण मकर संक्रांत. छोटे छापील कार्ड आणि त्याच पाकिटात कागदाच्या पुडीत बांधलेला चिमूटभर हलवा किंवा तिळगूळ. दूरच्या नातेवाइकांना तो टपालाने जाई, आणि पाकिटावर पोस्टाचा शिक्का बसताना आतला हलवा फुटला तरी कोणाची तक्रार नसे. पुढे १९७९ मध्ये रिप्पन कपूर यांनी मित्रांसह पन्नास रुपयांच्या भांडवलावर मुंबईत 'क्राय' ही संस्था उभी केली. मुलांसाठी निधी उभा करायला तिने जे मार्ग धरले त्यांत शुभेच्छापत्रांची विक्री ठळक होती. मग मोबाइल आला आणि एकच फुलांचे चित्र सकाळी सात वाजता चाळीस जणांकडून येऊ लागले. कार्डाचा खप त्यामुळे घटला. पण मागे उरलेल्या कार्डाकडे लोक आता जास्त निरखून पाहतात, असा माझा अनुभव आहे.

आता प्रत्यक्ष हातकामाकडे वळू.

पहिला प्रश्न कागदाचा. पुण्यात १९४० मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी हातकागदाची संस्था सुरू केली, आणि हातकागद आजही सुती चिंध्यांपासून बनतो. सुताच्या लगद्यात लाकडी लगद्यातले आम्ल नसते, त्यामुळे कागद लवकर पिवळा पडत नाही आणि त्यावर बसवलेल्या फोटोलाही डाग धरत नाही. शिवाय यंत्रावरच्या कागदाचे तंतू एका दिशेने लागतात. त्या दिशेच्या आडवी घडी घातली की ती तडकते. हातकागदाचे तंतू सगळ्या बाजूंना पसरलेले असल्याने घडी कुठूनही घातली तरी चालते. तरीही घडीच्या जागी आधी पट्टी ठेवून बोथट टोकाने रेघ दाबून घ्यावी. हे अर्धे मिनिट वाचवणाऱ्याचे कार्ड टेबलावर सरळ उभे राहत नाही.

दुसरा प्रश्न फोटोचा. घरच्या प्रिंटरची शाई दोन प्रकारची असते. पाण्यात विरघळणारी शाई रंगाने खुलते, पण ओल लागली की पसरते. बारीक रंगकणांची शाई टिकते. लॅबमध्ये रसायनांनी तयार होणारा फोटो प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदावर येतो आणि पाण्याचा थेंब सोसतो. जुलैत खारघरहून निघणारे पाकीट पोस्टमनच्या पिशवीतून भिजतच जायचे असे धरून चालावे. त्या दिवसांत मी लॅबच्या प्रिंटवरच भरवसा ठेवीन.

तिसरा प्रश्न डिंकाचा, आणि बहुतेक कार्डे इथेच बिघडतात. पांढरा पाणीदार गोंद लावला की खालचा कागद पाणी पिऊन फुगतो. वरच्या फोटोखाली प्लास्टिकचा थर असतो, तो फुगत नाही. वाळताना दोघे वेगवेगळे आकसतात आणि कार्ड पापडासारखे वाकते. पावसाळ्यात खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी हवा इतकी दमट असते की गोंद वाळायलाच वेळ लागतो, त्यामुळे हा दोष आणखी वाढतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी, आम्लरहित टेप हा सोपा उपाय. माझी पसंती त्याहून जुन्या युक्तीला आहे: काळ्या पानांच्या अल्बममध्ये फोटो धरून ठेवणारे कागदी त्रिकोणी कोपरे. फोटोच्या पाठीला काहीच लागत नाही. ज्याला कार्ड मिळते तो हवे तर फोटो अलगद काढून चौकटीत लावू शकतो, आणि मजकुराचे कार्ड वेगळे जपू शकतो.

चौथा प्रश्न वजनाचा. साध्या पत्राला वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचे तिकीट लागते. आता हिशेब करा. पाच बाय सात इंचांचे घडीचे कार्ड ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कागदाचे केले तर ते एकटेच साडेतेरा ग्रॅम भरते. त्यावर चार बाय सहाचा लॅब प्रिंट सुमारे चार ग्रॅम, पाकीट पाच-साडेपाच ग्रॅम. बेरीज वीसच्या पुढे जाते आणि ज्याला कार्ड पोहोचते त्याच्याकडून उरलेले पोस्टेज वसूल होण्याची पाळी येते. कागद २२० जीएसएमचा आणि पाकीट हलके घेतले तर सगळे अठरा-एकोणीस ग्रॅमवर राहते. संक्रांतीच्या कार्डात हलव्याची पुडी घालायची असेल तर मात्र जास्तीचे तिकीट आधीच लावावे; ते पैसे चुकवण्यासारखे नाहीत.

चित्रे काय काढावीत यावर माझे मत ठाम आहे. पांडवकड्याचा धबधबा सगळ्यांना सुचतो. सुमारे १०७ मीटरांची ती पांढरी धार पावसात लांबच्या रस्त्यावरूनही दिसते, आणि कार्डावर ती लांबूनच यावी. पावसाळ्यात धबधब्याजवळ जायला बंदी असते. तिथे माणसे बुडाली आहेत. एका कार्डासाठी त्या पाण्यात उतरू नये. त्यापलीकडेही खारघरमध्ये खूप आहे. शिल्प चौकातली शिल्पे आणि उत्सव चौकातले खांब आहेत. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर धावणारी मेट्रो आहे, तिच्या खिडकीतून दिसणारा डोंगर आहे. जूनमध्ये चार दिवसांत तपकिरीचा हिरवा होणारा तोच डोंगर, माथ्यावरच्या चाफेवाडी-फणसवाडीकडे जाणारी वाट, आणि पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला रानभाजीच्या जुड्या मांडून बसलेल्या बायका.

या शेवटच्या चित्रापाशी जरा थांबायला हवे. धुरंधरांच्या काळी रस्त्यावरच्या माणसाला कोणी विचारत नसे. आज विचारायला हवे. "मावशी, तुमचा फोटो कार्डावर छापू का? विकायलाही ठेवीन," असे सरळ म्हणावे, नकार आला तर कॅमेरा खाली करावा, होकार आला तर पहिली प्रत मावशींना द्यावी. टोपली, हात आणि कुर्डूची जुडी एवढेच घेतलेले चित्रही बोलके होते, चेहरा हवाच असे नाही.

कायद्याचे दोन मुद्दे व्यवसाय करणाऱ्याला ठाऊक हवेत. सार्वजनिक जागी कायम उभे असलेले शिल्प आणि इमारत यांचा फोटो काढायला कॉपीराइट कायदा आडवा येत नाही. पण कोणी पैसे देऊन आपल्या मुलाच्या बारशाचे फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोंचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. ते गोंडस चित्र नंतर तुमच्या स्टॉलवर लावायचे असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी. स्वतःच्या इच्छेने काढलेला फोटो कलाकाराचा, आणि तो हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षे टिकतो.

किमतीबाबत हातकाम करणारी माणसे, त्यातही घरून काम करणाऱ्या बाया, स्वतःवर फार अन्याय करतात. समजा कागद, प्रिंट, कोपरे आणि पाकीट मिळून तीस रुपये लागले. एका कार्डाला वीस मिनिटे गेली आणि तासाचे दीडशे धरले तर मजुरी पन्नास. झाले ऐंशी. दुकानदार तीस टक्के कापतो तिथे हे कार्ड एकशेवीसला विकले तर हातात येतात चौऱ्याऐंशी, म्हणजे कमाई चार रुपये, आणि त्यात फोटोसाठी पहाटे डोंगरावर केलेली पायपीट धरलेलीच नाही. तरी शेजारीण म्हणते, "एवढ्याशा कागदाचे एकशेवीस?" त्यावर किंमत उतरवू नये. तिला घडी उघडून दाखवावी, कोपऱ्यातून फोटो काढून परत बसवून दाखवावा. बहुतेकदा तेवढ्याने पुरते.

विकायला जागा जवळच आहेत. बेलापूरचे अर्बन हाट कारागिरांसाठीच आहे. सोसायट्यांतले गणपती आणि नवरात्रातले स्टॉल आहेत. खारघरच्या सेक्टर ४ मधल्या निफ्ट या फॅशन-डिझाइन संस्थेत कागद आणि छपाई समजणारी तरुण मुले आहेत, त्यांच्याशी बोलून कार्डाची मांडणी सुधारते. ऑनलाइन बाजारपेठेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवायही आपल्या राज्यापुरते विकता येते.

मात्र वर्षाची आखणी उलट्या क्रमाने करावी लागते. दिवाळीच्या कार्डावर हिरवा डोंगर हवा असेल तर तो जुलै-ऑगस्टमध्येच टिपलेला असला पाहिजे. संक्रांतीची कार्डे डिसेंबरच्या मध्यापर्यंत घडी घालून तयार हवीत, म्हणजे टपालाला तीन आठवडे मिळतात. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर जागा, महिना, साल आणि फोटो काढणाऱ्याचे नाव हाताने लिहावे. वीस वर्षांनी या डोंगराच्या पायथ्याशी काय उभे असेल कोणास ठाऊक. तेव्हा "ऑगस्ट २०२५, खारघर, मेट्रोच्या खिडकीतून" ही एक ओळ कार्डाच्या पुढच्या चित्राइतकीच मोलाची ठरेल.