वर्दीनंतरचा चहा

पहाटेचे साडेपाच. सायन-पनवेल महामार्गावरच्या अपघाताची वर्दी संपवून बंब नवी मुंबईतल्या एका अग्निशमन केंद्रात शिरतो. चेपलेल्या टेम्पोत अडकलेल्या चालकाला पत्रा कापून बाहेर काढलंय, पण तो वाचलेला नाही.

जवान मुकाट्याने उतरतात. कामं ठरलेली आहेत. कटर पुसायचा, पाती तपासायची, वहीत वेळ लिहायची. नव्याने भरती झालेला एक पोरगा नळाखाली हात धुतोय. साबण लावतो, धुतो, पुन्हा लावतो. हात केव्हाच स्वच्छ झालेत.

लीडिंग फायरमन हे बघतायत. पन्नाशीला टेकलेले, सगळ्यांचे काका. ते नळ बंद करतात, टॉवेल पुढे करतात आणि चहाचे दोन ग्लास घेऊन त्याला बाकड्यावर बसवतात. 'मन घट्ट कर' वगैरे काही म्हणत नाहीत.

"तुझ्याशी बोलत होता ना रे तो?"

पोरगा ग्लासाकडे बघत राहतो. "घरी फोन लावा म्हणत होता, काका. मी म्हटलं, आधी बाहेर काढतो, मग लावू."

काका घाईने उत्तर देत नाहीत. मग ते मदतीला गेले होते त्या इर्शाळवाडीचं सांगतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगरातल्या त्या वाडीवर दरड कोसळली. वर यंत्रं नेता येईनात, म्हणून कुदळ-फावड्यांनी चिखल उपसायचा. नवी मुंबई दलातले एक अधिकारी तर चढतानाच हृदयविकाराने गेले. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली आणि शोध थांबवावा लागला.

"घरी आलो तरी पाऊस वाजला की झोपेतून उठून बसायचो. घरच्यांना काय सांगणार? शेवटी आमच्या ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, माझंही तेच चाललंय. त्या रात्री जरा झोप लागली."

पोरगा आता रडतोय. काका त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून आहेत. पलीकडे कटर पुसणारा जवान काम तसंच ठेवून त्यांच्याजवळ येऊन बसतो. कोणी कोणाला हसत नाही.

हे बोलणं उपचाराची जागा घेत नाही. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, दारू वाढली, जगणं नकोसं झालं, तर डॉक्टरच हवा. पण त्या डॉक्टरपर्यंत जायचं धाडस अनेकदा बरोबरीच्या माणसामुळे येतं. म्हणून ही गोष्ट एखाद्या काकांच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. अशा वर्दीनंतर बोलायला वेळ देणं आणि ऐकून घेणारे जुने जवान तयार करणं हा ड्युटीचाच भाग असला पाहिजे.

बंबावर, रुग्णवाहिकेवर, पोलीस ठाण्यात काम करणाऱ्यांनो, सोबत्याशी बोला. त्याने भागत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे. तो लावा.