श्कोत्सियान गुहा

श्कोत्सियान गुहा : स्लोव्हेनिया प्रजासत्ताकाच्या नैर्ऋत्य भागातील, रेका नदीने निर्माण केलेल्या प्रसिद्ध भूमिगत गुहा. इटलीतील ट्रीएस्ट बंदराच्या पूर्वेस, दिवाचा गावाजवळ क्रास पठारावर त्या आहेत. चुनखडकी प्रदेशातील विशिष्ट भूमिरूपांना लावली जाणारी ‘कार्स्ट’ ही संज्ञा याच पठाराच्या नावावरून रूढ झाली. गुहामार्गांची ज्ञात लांबी सु. ६ किमी. असून १९८६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळांच्या यादीत त्यांचा समावेश केला.

रेका या शब्दाचा स्लोव्हेन भाषेतील अर्थच ‘नदी’ असा आहे. स्नेझ्निक पर्वताच्या परिसरात उगम पावून ती सु. ५० किमी. अंतर अपार्य खडकांवरून वाहत येते. चुनखडकाच्या प्रदेशात शिरल्यावर मात्र तिच्या प्रवाहाचे स्वरूप पालटते. कार्बन डाय-ऑक्साइडयुक्त पाण्यात चुनखडक विरघळतो, भेगा रुंदावतात आणि पुराबरोबर वाहत येणारे दगडगोटे तळ व भिंती झिजवितात. श्कोत्सियान खेड्याखाली नदी प्रथम भूमिगत होते. गुहेचे छत कोसळून तयार झालेल्या दोन प्रचंड विवरांच्या तळाशी तिचे पुन्हा दर्शन घडते. त्यांपैकी ‘वेलिका दोलिना’ (मोठी दरी) सु. १६५ मी. खोल आहे. तेथून नदी अखेर जमिनीखाली लुप्त होते व ३० किमी. हून अधिक अंतरावर, एड्रिअ‍ॅटिक समुद्राजवळ तिमाव्हो या झऱ्यांच्या रूपाने इटलीत प्रकट होते. या दोहोंमधील मार्गाचा फारच थोडा भाग मनुष्याला प्रत्यक्ष पाहता आलेला आहे.

गुहांच्या पद्धतशीर समन्वेषणास १८८४ मध्ये चालना मिळाली. आंटोन हांके, योझेफ मारिनिच व फ्रीड्रिख म्यूलर यांनी स्थानिक ग्रामस्थांच्या साहाय्याने एकामागून एक धबधबे ओलांडले आणि १८९० मध्ये ते ‘मृत सरोवरा’पर्यंत पोहोचले. पुरापासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी खड्या भिंतींत पायवाटा व पायऱ्या खोदल्या. त्यांचे अवशेष अद्यापि दिसतात. १९०४ मध्ये काही ग्रामस्थांनी एका दालनाची सु. ६० मी. उंच भिंत चढून ‘शांत गुहा’ शोधून काढली.

पर्यटकांचा नेहमीचा मार्ग या शांत गुहेतून सुरू होतो. ही नदीने फार पूर्वी सोडून दिलेली वाट होय. तेथे पाण्याचा आवाज नसतो. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातील कॅल्साइट साचून अधोमुखी व ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ बनले आहेत. ‘महाकाय’ नावाचा ऊर्ध्वमुखी स्तंभ सु. १५ मी. उंच आहे. पुढे गुंजारव ऐकू येऊ लागतो आणि मार्ग एकाएकी भूमिगत घळईच्या कडेवर येतो. ही घळई सु. ३·५ किमी. लांब, १० ते ६० मी. रुंद व काही ठिकाणी १४० मी. हून अधिक उंच आहे. पात्रापासून सु. ४५ मी. उंचीवरील त्सेर्क्वेनिक पुलावरून पर्यटक ती ओलांडतात. पुलाची ही उंची पुराच्या मानाने फार नव्हे. घळईपलीकडील मार्ग चिंचोळे असल्याने अतिवृष्टीत पाणी तुंबते. १९६५ च्या पुरात गुहेतील पातळी १०० मी. हून अधिक वाढली होती. मार्गात पाचशेहून अधिक पायऱ्या असून मार्गदर्शकाशिवाय या मार्गावर प्रवेश दिला जात नाही. तपमान वर्षभर सु. १२° से. असल्याने उन्हाळ्यातही उबदार कपडे व न घसरणारी पादत्राणे आवश्यक ठरतात.

विवरांच्या तळाशी थंड हवा साचून राहते, तर वरच्या सूर्याभिमुख कड्यांवर उबदार हवामान असते. त्यामुळे आल्प्समधील आणि भूमध्य सामुद्रिक प्रदेशातील वनस्पती येथे थोड्याच अंतरावर आढळतात. गुहेतील पाण्यात प्रोटिअस हा आंधळा उभयचर प्राणी राहतो.

पर्यटनामुळे गुहेस काही अपाय संभवतात. दिव्यांच्या प्रकाशात खडकांवर शैवल व शेवाळ वाढते. हातांच्या स्पर्शाने लवणस्तंभांची वाढ खुंटते व ते काळवंडतात. पर्यटकांच्या संख्येवर व दिव्यांच्या वापरावर नियंत्रण ठेवून हे अपाय कमी करता येतात. नदीतून येणारे प्रदूषण मात्र गुहेच्या प्रवेशद्वाराशी थोपविता येत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इलिरस्का बिस्त्रिका येथील कारखान्यांचे सांडपाणी रेकेत सोडले जाई. त्यामुळे वारसास्थळाचा दर्जा लाभला त्या काळातही गुहेतील प्रवाह अत्यंत दूषित होता. १९९० च्या सुमारास तेथील प्रदूषणकारी उत्पादन बंद झाल्यावर पाण्याची स्थिती सुधारली. १९९६ मध्ये प्रादेशिक उद्यान स्थापन करताना केवळ गुहांनाच नव्हे, तर नदीच्या पाणलोट क्षेत्रालाही कायद्याने संरक्षण देण्यात आले. भूमिगत जलप्रणाली म्हणून १९९९ मध्ये रामसर यादीत गुहांची नोंद झाली. भूमिगत नदीचे संरक्षण तिच्या भूपृष्ठावरील पात्रापासूनच सुरू करावे लागते, याचे हे उद्‌बोधक उदाहरण होय.